किलोचा ओतारी, नगाचा टर्नर

आमच्या भोर-वेल्ह्यात (वेल्हे आता कागदोपत्री राजगड तालुका) ॲल्युमिनियम आधी आलं ते चुलीवर. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास या धातूची भांडी करायला घेतली. पुढे यथावकाश 'जर्मन'चं पातेलं मावळातल्या घरांतही पोचलं. ते पत्र्याचं. लेथवर चढवायची वेळ त्यानं कुणावर आणली नाही.

ओतीव ॲल्युमिनियम आलं सातारा रस्त्यानं. १९६० नंतर आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनू लागल्या, १९७२ ला लुना आली, आणि भंगारवाल्याच्या पोत्यात क्रँककेस, पिस्टन दिसू लागले. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली. आमच्या खोऱ्यांतली पोरं आयटीआय करून पिंपरी-भोसरीला लागली, त्यांतलाच मी एक टर्नर. पुढे कारखान्यांच्या शेड वेळू, ससेवाडी, शिरवळपर्यंत पसरल्या, जुने लेथ भंगाराच्या भावात निघाले आणि गोठ्याशेजारी येऊन बसले. माझा साडेचार फुटी, पट्ट्यावर चालणारा.

त्यावर जास्त काम येतं भाताच्या मळणी यंत्राच्या पुलीचं. कास्टिंग बाहेरून गुळगुळीत, हातात हलकं. बोअर करत शेवटच्या कटाला आलो की आत मोहरीएवढी छिद्रं उघडतात. गिऱ्हाइकाला वाटतं, टर्नरनं माल बिघडवला. खरं तर बिघाड भट्टीत झालेला असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि वितळलेलं असताना ओलाव्यातला हायड्रोजन पिऊन घेतं. गोठताना तो धातूत मावत नाही, मग जागा मिळेल तिथे फुगे धरतो. वेल्ह्याच्या पावसात भिजलेलं भंगार, ओली वाळू, तेलकट पिस्टन. आषाढातल्या कास्टिंगला मी हात लावायला नाराज असतो तो उगाच नाही.

भट्टीत काय पडलंय तेही बिट सांगतो. जुनी पातेली जास्त असतील तर धातू मऊ आणि चिकट, बिटाच्या टोकावर लोंबतो आणि पृष्ठभाग ओरबाडतो. रॉकेल ब्रशनं लावत राहायचं, धार तीक्ष्ण ठेवायची. पिस्टन जास्त असतील तर उलट: त्यांत सुमारे बारा टक्के सिलिकॉन, त्याचे कठीण कण बिट खाऊन टाकतात. वरच्या कातडीत वाळू रुतलेली असते ती वेगळीच. नवशिका घाबरून पहिला कट बारीक घेतो आणि धार घालवतो. पहिलाच कट कातडीच्या खालून जायला हवा. आणि गरम जॉबवर माप घेऊ नये. शंभर मिलिमीटरचा बोअर तीस अंश तापला तर सत्तर मायक्रॉननं फुगतो, लोखंडाच्या जवळपास दुप्पट. संध्याकाळी सरकून बसलेली बेअरिंग सकाळी ठोकल्याशिवाय जात नाही. तीन जॉमध्ये फार आवळलं तर जॉ सोडल्यावर बोअर तिकोनी होतो. म्हणून रफ झाल्यावर पकड ढिली करून जॉब थंड होऊ द्यायचा, मगच फिनिश.

एवढं सगळं पूर्वी एकाच माणसाच्या नजरेखाली असायचं. घंटा, घाटी ओतणारा ओतारी कानशीही स्वतःच मारायचा. छिद्र दिसलं की ती घाटी परत मुशीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांची वाडी १९१० ची, साताऱ्याकडचा धनजीशा कूपरांचा कारखाना १९२२ चा. तिथल्या लोखंडी नांगरांचं ओतकाम आणि मशीनकाम एका आवारात चालायचं. कास्टिंग नासलं तर टर्नरची शिवी चालत फाउंड्रीत पोचायची! आता ओतणारा किलोवर पैसे घेतो, टर्नर नगावर. छिद्र उघडतं तेव्हा ओतणाऱ्याचा हिशेब चुकता झालेला असतो, आणि टर्नर ते छिद्र एम-सील भरून, वर पॉलिश मारून गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालतो. हा धंदा मला मान्य नाही.

आमच्या ओतणाऱ्याशी मी भांडून ठरवून घेतलंय. भंगार आदल्या दिवशी तापवून सुकवायचं, पातेली वेगळी, पिस्टन वेगळे, ओतण्याआधी हायड्रोजन बाहेर काढणारी डीगॅसिंगची गोळी घालायची, गोठताना कास्टिंगला धातू पुरवणारा रायझर जाडजूड ठेवायचा. निम्मे पैसे माल हातात आल्यावर, निम्मे बोअर उघडल्यावर. रायझरमध्ये फुकट जाणाऱ्या धातूवरून तो अजून कुरकुरतो, आणि वजनाच्या काट्यावर तो रायझर मलाही चढवायला लावतो.