एकाचे बळ, सर्वांची सभा

चंद्रपूरच्या तुरुंगातला पिंपळ आमच्याकडे पोराबाळांनाही ठाऊक असतो. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव शेडमाके यांना तेथे फाशी दिली गेली. मोलमपल्लीच्या या पंचविशीतल्या जमीनदाराने गोंडांची फौज उभारली होती. तीत रोहिलेही होते, हे आमच्या घरी जरा आवर्जून सांगितले जाई! लढाईत हे बंड मोडेना, तेव्हा इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारणीवर दाब आणला आणि बाबूरावांना पकडवले. मोहरक्या गेला, फौज पांगली. अडपल्लीचे व्यंकटराव बस्तरकडे निसटले, पण १८६० मध्ये तेही सापडले.

बाबूरावांच्या हिमतीविषयी प्रश्नच नाही. रणांगणात हुकूम एकाचाच चालायचा. पण सगळे बळ एका माणसात साठले, की शत्रूला तेवढा एकच माणूस गाठावा लागतो.

याच मुलखात, सुमारे सव्वाशे वर्षांनी, पुढारीपणाची एक वेगळी रीत रुजली. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव. उणीपुरी शंभर घरे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावी आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. गावाचे पुढारी देवाजी तोफा, आणि त्यांचे सोबती चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल. पण निर्णय या दोघांचा नसे. ग्रामसभेत सर्वांचे एकमत झाले तरच ठराव. बहुमत नाही, हात वर करणे नाही. एकाची जरी हरकत असली, तरी विषय पुढच्या सभेवर.

ऐकायला हे गोड वाटते. प्रत्यक्षात फार चिकाटीचे काम आहे. आम्हा कवींना पाच जणांत मुशायऱ्याची तारीख ठरवता येत नाही! मेंढ्याने यावर एक तोड काढली. चर्चा आणि निर्णय यांची बैठक वेगळी केली. अभ्यास गटात कुणीही यावे, बाहेरच्या जाणकारानेही बोलावे, कायदा वाचावा, वाद घालावा. ठराव मात्र तेथे होणार नाही. तो ग्रामसभेतच. त्यामुळे जाणकाराचा उपयोग झाला, पण त्याची सत्ता झाली नाही. आणि ज्याच्या एका 'नाही'ने सभा थांबते, त्याला ते 'नाही' का, हे चारचौघांत सांगावे लागते. बायका बोलू लागल्या, दारूचा प्रश्न सभेत आला. माणसे अशी तयार होतात. हुकूम ऐकून होत नाहीत.

याचे फळ दिसायला वेळ लागला. २००६ चा वनहक्क कायदा आला, तेव्हा बाकीची गावे तो समजून घेत होती. मेंढ्याला कागद वाचायची सवय होती. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागे आणि तो वनखात्याच्या हाती. गाव अडून बसले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. ज्या बांबूवर एके काळी कागद गिरणीचा ताबा होता, तो गावाने स्वतः विकायला काढला.

त्या दिवशी पुस्तक घेणारे हात देवाजींचे होते. पण त्यातला एकेक परवाना फाडायचा तो ग्रामसभेच्या ठरावानेच.