मापापूर्वीचे निदान : लघुभगोष्ठ-शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा एक विचार

प्रास्ताविक

स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियातील आतील दोन पाळ्यांना वैद्यकीय मराठीत 'लघुभगोष्ठ' म्हणतात. त्यांचा आकार शस्त्रक्रियेने कमी करणे म्हणजे 'लेबियाप्लास्टी' होय. ही शस्त्रक्रिया करून घ्यावी काय, असा विचार करणाऱ्या स्त्रीच्या मनात पहिला प्रश्न बहुधा 'माझे अवयव सामान्य आहेत ना?' हाच असतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचाच इतिहास पाहावयाचा आहे. 'प्रमाणाबाहेर मोठे' असे निदान वैद्यकाने प्रथम केले आणि प्रमाण कोणते याचा शोध त्यानंतर फार उशिराने घेतला, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. विषय संकोचाचा आहे हे मान्य करूनही तो अभ्यासाबाहेर ठेवण्याचे कारण दिसत नाही.

दृष्टीचा अधिकार

इ. स. १८१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील खोईखोई समाजाची सार्टी बार्टमन ही स्त्री लंडनला आणली गेली व 'हॉटेन्टॉट व्हीनस' या नावाने पिकॅडिली येथे पैसे घेऊन तिचे प्रदर्शन मांडण्यात आले. पुढे पॅरिसमध्ये १८१५ च्या वसंत ऋतूत शास्त्रज्ञांनी तिची पाहणी केली. त्यांचे कुतूहल प्रामुख्याने तिच्या लघुभगोष्ठांविषयी होते. पण ते पाहू देण्यास तिने नकार दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा मृत्यू झाला आणि जिवंतपणी तिने जे दाखविले नाही ते जॉर्ज क्युव्हिए या प्रख्यात शरीररचनाशास्त्रज्ञाने शवविच्छेदनात पाहिले. त्याचा वृत्तान्त १८१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचे जतन केलेले अवयव व सांगाडा पॅरिसमध्येच राहिले आणि विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन होत असे. ९ ऑगस्ट २००२ रोजी, म्हणजे मृत्यूनंतर १८६ वर्षांनी, तिच्या अवशेषांचे मायभूमीत दफन झाले. लांब ओष्ठ हे हीन वंशाचे लक्षण, ही समजूत एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यकात रूढ होण्यास क्युव्हिएच्या लेखनाचा मोठा हातभार लागला.

याच्या नेमके उलट मूल्य त्याच आफ्रिका खंडात आढळते. रवांडात, तसेच युगांडातील बागांडा समाजात, वयात येणाऱ्या मुलींनी हे ओष्ठ हाताने ताणून लांबविण्याची परंपरा आहे. तेथे लांबी हे कुरूपतेचे नव्हे, तर स्त्रीत्वाचे चिन्ह मानले जाते. अवयव तोच, बदलते ती पाहणाऱ्याची दृष्टी.

दोषारोप आणि 'नॉर्मा'

वंशाचा आरोप पुढे आचरणावर आला. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट लाटू डिकिन्सन यांनी १९०२ साली लघुभगोष्ठांच्या वाढीवर निबंध लिहिला व ही वाढ हस्तमैथुनाची खूण असल्याचे मत मांडले. म्हणजे रुग्णेच्या शरीरावरून तिचे चारित्र्य वाचता येते, असा हा दावा होता. याच डिकिन्सन यांनी पुढे शिल्पकार एब्रॅम बेल्स्की यांच्या साह्याने, हजारो अमेरिकन स्त्रियांच्या मोजमापांच्या सरासरीवरून 'नॉर्मा' नावाचा पुतळा घडविला. १९४५ मध्ये क्लीव्हलंड शहरात या पुतळ्याशी तंतोतंत जुळणाऱ्या स्त्रीच्या शोधासाठी स्पर्धा झाली. ३,८०० हून अधिक स्त्रियांनी आपली मापे पाठविली आणि एकीचीही मापे पूर्णपणे जुळली नाहीत! सरासरी ही गणिताची निर्मिती आहे, ती कोणाच्या देहात नांदत नाही, हे या प्रसंगावरून ध्यानात यावे. तसे ते आयोजकांच्या ध्यानात आल्याचे दिसत नाही.

याच काळात मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' (१९२७-१९५३) मधून वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे देत होते. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला व १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली. खटला हरला. शरीराविषयी शंका विचारणे हाच जेथे गुन्हा ठरतो, तेथे स्वतःच्या शरीराची तुलना करावयास स्त्रीजवळ काहीच उरत नाही.

चार सेंटिमीटर

सौंदर्याच्या हेतूने केलेल्या या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त १९८४ साली हॉजकिन्सन व हेट यांनी प्लास्टिक सर्जरीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात रुग्णा होत्या तीन. पुढे तिचा प्रसार झाला. २००० साली रूझिए व सहकाऱ्यांनी नऊ वर्षांत केलेल्या १६३ शस्त्रक्रियांचा आढावा फ्रान्समधून सादर केला. त्यात चार सेंटिमीटरहून अधिक रुंदी म्हणजे 'अतिवृद्धी' अशी व्याख्या स्वीकारलेली होती. अन्य शल्यविशारदांनी पाच सेंटिमीटरची मर्यादा सुचविली होती. या आकड्यांना आधार कोणता, असे विचारले असता समाधानकारक उत्तर मिळत नाही. कारण निरोगी स्त्रियांची पद्धतशीर मोजणी तोवर जवळजवळ झालीच नव्हती.

ती लंडनमधील जिलियन लॉइड व सहकाऱ्यांनी केली आणि २००५ साली प्रसिद्ध केली. अन्य कारणांसाठी शस्त्रक्रियेस आलेल्या ५० स्त्रियांमध्ये लघुभगोष्ठांची रुंदी ७ पासून ५० मिलिमीटरपर्यंत, तर लांबी २० पासून १०० मिलिमीटरपर्यंत आढळली. म्हणजे ज्या चार सेंटिमीटरला रोगाची सीमा मानले होते, ते माप निरोगी स्त्रियांच्या कक्षेतच बसत होते. नमुना लहान होता, हा आक्षेप रास्त आहे. परंतु २०१८ साली स्वित्झर्लंडमधील ६५७ स्त्रियांच्या मोजणीतही अशीच विविधता दिसून आली.

दरम्यान तुलनेची साधने मात्र भलतीच झाली होती. ऑस्ट्रेलियात नियतकालिकांच्या वर्गीकरणाच्या नियमांमुळे नग्न छायाचित्रांतील लघुभगोष्ठ संगणकावर पुसून केवळ एक रेषा ठेवण्याची प्रथा पडली होती. २०१० साली तेथील दूरचित्रवाणीने ती उघडकीस आणली. ज्या अवयवाची छायाचित्रे अशी पुसलेली असतात, त्याच्याविषयी तरुणींचे मत कसे बनत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

येवढ्यावरून ही शस्त्रक्रिया सर्वथा निरर्थक ठरते, असे मात्र म्हणता येणार नाही. सायकल चालविताना, घट्ट वस्त्रांत वा समागमाच्या वेळी खरोखर त्रास होणाऱ्या स्त्रिया आहेत. रूझिए यांच्या आढाव्यात प्रश्नावली भरून देणाऱ्या ९८ स्त्रियांपैकी ८१ जणींनी परिणाम समाधानकारक असल्याचे कळविले. चौघींनी मात्र पुन्हा असे करणार नाही, असे सांगितले. याखेरीज सुमारे सात टक्के रुग्णांत जखम उसवून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती.

प्रचलित पद्धती मुख्यतः दोन. एकीत कडा कापून सरळ केली जाते. दुसरीत मधला पाचरीच्या आकाराचा भाग काढून उरलेले भाग जोडतात, त्यामुळे नैसर्गिक कडा टिकते. भूल स्थानिक वा संपूर्ण असते. टाके बहुधा आपोआप विरघळणारे असतात. सूज काही आठवडे राहते व सुमारे सहा आठवडे समागम, सायकल आदी टाळावयास सांगतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, व्रण, वेदना व संवेदना कमी होणे हे धोके आहेत. अखेरचा धोका विशेष गंभीर मानला पाहिजे. कारण लघुभगोष्ठ मज्जातंतूंनी समृद्ध आहेत, ते केवळ कातडीचे लोंबते टोक नव्हे.

कायद्यातील पेच

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली अशा शस्त्रक्रियांच्या सुरक्षिततेचा व परिणामकारकतेचा पुरावा अपुरा असल्याचे नमूद केले. ब्रिटनमधील तज्ज्ञांनी २०१३ साली १८ वर्षांखालील मुलींवर ही शस्त्रक्रिया करू नये अशी भूमिका घेतली, कारण तारुण्यात या अवयवांची वाढ चालूच असते. ब्रिटनच्या २००३ च्या कायद्यानुसार स्त्रीच्या लघुभगोष्ठांचे छेदन हा गुन्हा आहे. शारीरिक वा मानसिक आरोग्यासाठी ते आवश्यक असल्यास अपवाद केला आहे. मात्र रूढी वा विधी म्हणून ते आवश्यक आहे, ही समजूत तेथे ग्राह्य धरली जात नाही. चित्रांवरून व जाहिरातींवरून रुजलेला सौंदर्याचा दंडक ही रूढी मानावी काय, याचे उत्तर त्या कायद्यात नाही.