गाडीत सबवूफर बसवताना वॅटपेक्षा वायर आणि फ्यूज का महत्त्वाचे?

नवी गाडी दारात आली, पेढे वाटून झाले की महिन्या-दोन महिन्यांत ती ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर उभी राहते. आधी सीट कव्हर, मग मॅट आणि मग म्युझिक सिस्टीम. कंपनीने दिलेल्या स्पीकरमधून गाण्याचे शब्द नीट ऐकू येतात, पण ढोलाचा ठोका छातीत जाणवत नाही. त्यासाठी डिक्कीत सबवूफर लागतो आणि त्याला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, म्हणजे बोलीभाषेतला 'ॲम्प'.

दुकानात चर्चा होते ती वॅट, इंच आणि ब्रँडची. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत जाणारी वायर कोणती आणि तिचा फ्यूज कुठे बसवणार, हे क्वचितच कुणी विचारतं. बिलात तो सगळा मामला 'वायरिंग किट' या एका ओळीत उरकलेला असतो. पण बेस दमदार येणार की नाही आणि गाडी सुरक्षित राहणार की नाही, हे बरंचसं त्याच ओळीवर ठरतं.

३००० वॅटचा वूफर खरंच ३००० वॅटचा असतो का?

बहुतेक वेळा नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा 'पीक' किंवा 'मॅक्स' पॉवरचा असतो. म्हणजे क्षणभरासाठी गाठता येईल असा, आणि अनेकदा तेवढाही नाही. पाहायचा असतो तो 'आरएमएस' आकडा. सतत वाजत असताना ॲम्प किती वॅट देऊ शकतो किंवा वूफर किती वॅट सोसू शकतो, ते त्यावरून कळतं. हा आकडा खोक्याच्या कोपऱ्यात किंवा आतल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो. तो कुठेच नसेल तर ती वस्तू न घेतलेली बरी.

अमेरिकेत २००३ मध्ये यासाठी 'सीईए-२००६' नावाचं प्रमाण आलं. १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्यापेक्षा जास्त विकृती नाही, अशा ठरलेल्या अटींवर ॲम्पची पॉवर मोजायची, असं ते सांगतं. ॲम्पवर या प्रमाणाचा उल्लेख असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

स्टिरिओवर लिहिलेल्या '४ × ५० वॅट'चीही हीच गत आहे. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर स्टिरिओच्या आतल्या छोट्या ॲम्पमधून प्रत्येक स्पीकरला प्रत्यक्षात साधारण १५ ते २० वॅटच मिळतात. सबवूफरला वेगळा ॲम्प लागतो तो यामुळेच.

वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, हेही दुकानात सहसा कुणी सांगत नाही. पॉवर दुप्पट झाली की पातळी वाढते फक्त ३ डेसिबलने, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकी. कानाला 'दुप्पट मोठा' वाटणारा आवाज हवा असेल तर साधारण दहापट पॉवर लागते. त्यामुळे ३०० वॅटचा ॲम्प सोडून ६०० वॅटच्या मागे धावण्यापेक्षा तोच पैसा चांगला वूफर, योग्य मापाचा बॉक्स आणि वायरवर घातलेला चांगला.

कोणता वूफर, कोणता बॉक्स?

रोजच्या वापराच्या हॅचबॅकला १० किंवा १२ इंची एक वूफर पुरतो. बंद केबिनमध्ये खालचे स्वर आपोआपच उठून येतात, त्यामुळे दोन-दोन वूफरची गरज सहसा पडत नाही.

बॉक्स मात्र वूफरइतकाच महत्त्वाचा. पूर्ण बंद म्हणजे 'सील्ड' बॉक्स आकाराने लहान असतो आणि त्याचा ठोका नेमका, आखूड येतो. तबला, ढोलकी ऐकणाऱ्यांना तो आवडतो. भोक असलेला 'पोर्टेड' बॉक्स तेवढ्याच वॅटमध्ये जास्त दणका देतो, पण तो मोठा असतो आणि त्याचं माप वूफरशी जुळावं लागतं. माप चुकलं की प्रत्येक गाण्यात एकच सूर घुमत राहतो. रस्त्यावरून जाणाऱ्या काही गाड्यांमधून गाणं कळत नाही, नुसती धपधप ऐकू येते, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

सीएनजी गाड्यांचा प्रश्न वेगळा. सिलिंडरने डिक्की व्यापलेली असते. अशा वेळी सीटखाली मावणारा, ॲम्प आतच असलेला 'अंडरसीट' सबवूफर हा व्यवहार्य पर्याय आहे. त्याला १२ इंची वूफरची खोली नसते, पण कमतरता बऱ्यापैकी भरून निघते. सिलिंडरच्या आसपास बॉक्स बसवायचाच असेल तर डिक्कीच्या तळाला स्क्रू मारण्याआधी गाडीखाली वाकून बघावं. इंधनाची टाकी आणि पाइप तिथूनच जातात.

ओहमचं गणित कुठे चुकतं?

ॲम्पवर लिहिलेलं असतं, '४ ओहमला ३०० वॅट, २ ओहमला ५०० वॅट'. वूफरचा रोध कमी झाला की ॲम्प जास्त करंट ओढतो आणि जास्त पॉवर देतो. पण प्रत्येक ॲम्पची एक खालची मर्यादा असते. ती ओलांडली की तो तापतो, 'प्रोटेक्ट'चा दिवा लावून बंद पडतो किंवा कायमचा जातो.

गोंधळ होतो तो दोन कॉइल असलेल्या, म्हणजे 'ड्युअल व्हॉइस कॉइल' वूफरमुळे. समजा दोन्ही कॉइल ४ ओहमच्या आहेत. त्या एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडल्या तर ८ ओहम होतात. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, म्हणजे पॅरलल जोडल्या तर २ ओहम. वरच्या ॲम्पला हे २ ओहम अगदी जुळतात. पण त्याच ॲम्पला दोन कॉइल प्रत्येकी २ ओहमच्या असलेला वूफर पॅरलल जोडला तर भार १ ओहमवर येतो आणि ॲम्प धोक्यात येतो. या वूफरच्या दोन कॉइलमधून २ ओहम मिळवायला कुठलीही जोडणी नाही. सिरीजमध्ये ४ ओहम होतात, म्हणजे ५०० ऐवजी ३०० वॅटवर समाधान मानायचं. म्हणून ॲम्प आणि वूफर जोडीनेच निवडावे लागतात.

वायर किती जाड हवी?

हाच ५०० वॅट आरएमएसचा ॲम्प घेऊ. तो 'क्लास डी' प्रकारचा असेल तर त्याची कार्यक्षमता साधारण ८० टक्के धरता येते. म्हणजे ५०० वॅट बाहेर काढायला त्याला आत ६२५ वॅट लागतात. इंजिन सुरू असताना १३.८ व्होल्ट मिळतात असं धरलं तर करंट होतो सुमारे ४५ अँपिअर. जुन्या 'क्लास एबी' ॲम्पला एवढ्याच पॉवरसाठी ६५ अँपिअरच्या आसपास लागतील.

बॅटरी पुढे आणि ॲम्प डिक्कीत, म्हणजे मध्ये साधारण ५ मीटर वायर. तांब्याची ४ गेजची वायर (सुमारे २१ चौरस मिलिमीटर) वापरली तर ४५ अँपिअरला वाटेत ०.२ व्होल्ट पडतात. ८ गेजची वापरली तर जवळपास अर्धा व्होल्ट. गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड, हे इथे लक्षात ठेवायचं.

आता खरी मेख. स्वस्त किटमधली वायर बहुधा 'सीसीए' असते. म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. तिची वीज वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांशच असते. त्यामुळे ८ गेजच्या सीसीए वायरीत पाऊण व्होल्टच्या आसपास वाटेतच जातो. एवढी वीज जाते कुठे, तर वायर तापवण्यात. बेसच्या ठोक्याला हेडलाइट मंद होत असतील तर अपुरी वायर हे त्याचं एक कारण असू शकतं.

काही किटमध्ये वायर बाहेरून अंगठ्याएवढी दिसते, पण ती जाडी नुसत्या प्लास्टिकची असते. म्हणून दुकानात टोक सोलून बघायला संकोच करू नये. एक तार नखाने किंवा ब्लेडने खरवडली की आतून पांढरी दिसते का लाल, ते लगेच कळतं. सीसीए वापरायचीच असेल तर एक-दोन माप जाड घ्यावी.

फ्यूज ॲम्पवर असतोच, मग बॅटरीजवळ आणखी एक कशाला?

ॲम्पवरचा फ्यूज ॲम्पच्या आतल्या बिघाडासाठी असतो. त्याच्या आधीची ५ मीटर वायर तो वाचवू शकत नाही. गाडीची सगळी बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते. ही वायर इंजिनकडून केबिनमध्ये येताना पत्र्याच्या धारेवर घासली, सीटच्या रेलखाली चेपली किंवा पावसाळ्यात उंदरांनी कुरतडली, तर प्लस थेट बॉडीला टेकतो. बॅटरी त्या क्षणी शेकडो अँपिअर सोडते. वायर लालबुंद होते, आवरण पेटतं आणि शेजारीच कार्पेट असतं. गाडी बंद असली तरी हे होऊ शकतं, कारण ही वायर स्टिरिओच्या किंवा चावीच्या स्विचमधून जात नाही.

म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून दीड फुटाच्या आत हवा. तो वायरीला वाचवतो, त्यामुळे त्याचा आकडा वायर जेवढं सोसते त्याच्या वर कधीच जाता कामा नये. ४ गेजच्या चांगल्या तांब्याच्या वायरीला जास्तीत जास्त १०० अँपिअर. ॲम्पवर ३० अँपिअरचे दोन फ्यूज असतील तर इथे ६० किंवा ८० पुरे. तो वारंवार उडत असेल तर मोठा टाकणं किंवा चांदीचा कागद गुंडाळणं हा उपाय नाही. कुठेतरी बिघाड आहे, एवढाच त्याचा अर्थ.

वायर जिथे पत्र्यातून आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट हवा आणि बॉनेटखाली वायरीवर नळीचं आवरण. काम सुरू करताना बॅटरीचा मायनस सर्वांत आधी काढायचा आणि सर्वांत शेवटी जोडायचा. फ्यूज त्याच्याही आधी बसवू नये.

अर्थिंग आणि ती 'कुईं'

मायनसची वायर प्लसइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड, दीड फुटापर्यंत असावी. ती बॉडीला जिथे जोडायची तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा काढावा लागतो. रंगावरच बोल्ट आवळला तर संपर्क अर्धवट होतो. जोडल्यावर वरून थोडं ग्रीस लावलं तर कोकणातल्या पावसाळ्यातही गंज लवकर धरत नाही. सीटबेल्टचा बोल्ट मात्र यासाठी वापरू नये.

ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून चढत जाणारा 'कुईं' आवाज येतो, त्याचा दोष बहुतेक वेळा कच्च्या अर्थिंगकडेच जातो. आवाजाची आरसीए वायर गाडीच्या एका बाजूने आणि पॉवरची दुसऱ्या बाजूने न्यावी, असा रिवाज आहे आणि तो पाळलेला बरा.

नव्या अनेक गाड्यांमध्ये बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे ॲम्पचा मायनस थेट टर्मिनलला जोडला तर गाडीच्या कॉम्प्युटरचा हिशेब चुकतो. बॉडीलाच जोडावा. इलेक्ट्रिक गाडीत १२ व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी असते आणि ॲम्प जोडायचा तर तिलाच. नारिंगी आवरणाच्या वायरींना हात लावायचा नाही, त्या शेकडो व्होल्टच्या असतात.

कंपनीचा टचस्क्रीन ठेवून हे जमतं का?

जमतं. स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेणारे 'हाय-लेव्हल इनपुट' असलेले ॲम्प मिळतात. यातले बरेच सिग्नल येताच आपोआप सुरू होतात. नसतील तर ॲम्प चालू-बंद करणारी 'रिमोट' वायर चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या पुरवठ्यावर घ्यावी. ती कायमच्या प्लसला जोडली तर ॲम्प रात्रभर चालू राहतो आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो. मूळ वायर कापण्याऐवजी त्या मॉडेलचा कपलर वापरायला सांगावं. वायर कापलेली दिसली तर वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

ॲम्पवरचं 'गेन'चं बटण स्टिरिओच्या सिग्नलशी मेळ घालण्यासाठी असतं. ते पूर्ण फिरवलं की सिग्नलची टोकं छाटली जातात, वूफरची कॉइल तापते आणि जळका वास येतो. वूफर जळण्यामागे ॲम्प 'जास्त वॅटचा' असण्यापेक्षा हे कारण अधिक दिसतं.

मल्टिमीटर असेल तर गेन नीट लावता येतो. वूफर काढून ठेवायचा, बेस बूस्ट बंद करायचा, स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊणपर्यंत न्यायचा आणि ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावायचा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे अपेक्षित व्होल्ट. ५०० वॅट आणि २ ओहमला ते येतात ३१.६. ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्टेज तेवढं दिसेपर्यंत गेन वाढवायचा आणि थांबायचं. लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवला की वूफरमधून गायकाचा आवाज येत नाही.

बॅटरी, विमा आणि शेजारी

छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. संगीतात ॲम्प सतत पूर्ण करंट ओढत नाही, पण सरासरी १५ अँपिअर धरले तरी इंजिन बंद ठेवून तासभर गाणी वाजवली की जवळपास निम्मी बॅटरी संपते.

बाहेरून बसवलेली सिस्टीम गाडीच्या नेहमीच्या विम्यात आपोआप धरली जात नाही. इलेक्ट्रिकल फिटिंगसाठी 'आयएमटी २४' हे वेगळं संरक्षण थोडा जादा हप्ता भरून घेता येतं. त्यासाठी बिल लागतं, म्हणून पक्कं बिल मागावं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. काचा खाली करून पार्किंगमध्ये टेस्टिंग करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडून बॅटरीजवळचा फ्यूज फिटरकडून दाखवून घ्यावा. आठवडाभराने अर्धा तास मोठ्याने गाणी वाजवून, इंजिन बंद केल्यावर फ्यूजच्या होल्डरला आणि डिक्कीतल्या अर्थिंगच्या बोल्टला हात लावून बघावा. किंचित कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर जोड सैल आहे किंवा वायर अपुरी आहे, आणि गाडी त्याच दिवशी परत दुकानात न्यायला हवी.