अब्बास, हिदायतुल्ला आणि कात्री

नंदुरबारच्या उर्दू शाळेत ख्वाजा अहमद अब्बास यांचे नाव निघाले, की 'आवारा'ची कथा लिहिणारे एवढे सांगितले तरी मुलांना पुरते. वडीलधाऱ्यांना 'ब्लिट्झ'मधले त्यांचे शेवटचे पान आठवते. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात लढवलेला खटला मात्र आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही.

१९६८ साली त्यांनी 'अ टेल ऑफ फोर सिटीज' हा छोटा माहितीपट काढला. कलकत्ता, मुंबई, मद्रास, दिल्ली. एकीकडे ऐश्वर्य, दुसरीकडे दारिद्र्य. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची थोडी दृश्ये होती. एका दृश्यात बाईच्या हातातली नोट पुरुषाचा हात हिसकावून घेतो. चेहरे दिसत नाहीत, फक्त हात. सेन्सॉरने 'केवळ प्रौढांसाठी' असा शिक्का मारला. पुढे केंद्र सरकारने कळवले, ही दृश्ये कापा, मग 'यू' देऊ. अब्बास कापायला तयार झाले नाहीत.

खटला चालू असताना सरकारच नमले आणि काटछाट न करता 'यू' देण्यास राजी झाले. अब्बास तेवढ्यावर थांबले नाहीत; मुळात आधी तपासणीच का, असे त्यांनी विचारले. २४ सप्टेंबर १९७० रोजी सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले हे गृहस्थ. त्यांनी सेन्सॉरशिप घटनेत बसते असे ठरवले, पण लैंगिक विषय म्हणजे अश्लीलता नव्हे, हेही बजावले. १९६४ साली लॉरेन्सची कादंबरी विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम करणारेही तेच. मला १९७० चे हिदायतुल्ला जवळचे वाटतात. तरी अब्बास यांच्या मूळ प्रश्नाला त्यांनी बगल दिली, असे माझे मत आहे.

मी तरी कोण मोठा लागून गेलो? शाळेच्या ग्रंथालयात मंटोचा संग्रह आला, तेव्हा मुलींच्या पालकांच्या धास्तीने मीच तो वरच्या फळीवर ठेवला. कुणी सांगितले नव्हते.

सरकारच्या कात्रीविरुद्ध सरकारकडेच दाद मागणे बरोबर नाही, असेही त्या निकालात होते. त्यातून पुढे कायदा बदलला आणि १९८३ साली अपिलासाठी न्यायाधिकरण आले. २०२१ साली ते बरखास्त झाले. आता थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. आमच्या जिल्ह्याला औरंगाबाद खंडपीठ लागते. आपल्या वस्तीवर माहितीपट काढणाऱ्या एखाद्या पोराला वकिलाची फी आणि एसटीचे भाडे, दोन्ही जमवावे लागेल.