जुन्या फर्निचरसाठी पॉवर सँडर घेताय? वॅट नंतर बघा, आधी हे वाचा

फोन घेताना नुसत्या मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलायचं नाही, हे आता आपल्यापैकी बहुतेकांना कळलंय. पण तोच माणूस पॉवर टूल घ्यायला बसला की सगळ्यात आधी वॅट बघतो. सँडरच्या बाबतीत तर वॅट हा जवळजवळ शेवटी बघायचा आकडा आहे. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, सुतार नाही. पण सुट्टीच्या दिवशी घरातलं आणि नातेवाइकांकडचं जुनं फर्निचर घासून पॉलिश करायचा नाद लागलाय आणि त्यामुळे मित्रांचे फोन येतात, "अरे, सँडर कुठला घेऊ?" त्या सगळ्यांना जे सांगतो ते इथे एकदाच नीट लिहून काढतोय.

मशीनच्या आधी लाकूड बघा

सँडर म्हणजे विजेवर चालणारा पॉलिश पेपर. तो पृष्ठभाग खातो. त्यामुळे खायला किती शिल्लक आहे हे आधी माहीत पाहिजे.

आजोबांच्या काळातलं सागवानी कपाट, पाट, चौरंग, झोपाळ्याची फळी हे सगळं भरीव लाकूड. यात घासायला भरपूर वाव असतो. गेल्या काही दशकांतलं फर्निचर मात्र बहुतेक वेळा प्लायवूडचं असतं आणि वर एक तर सनमायका किंवा व्हिनियर. व्हिनियर म्हणजे खऱ्या लाकडाचाच पापुद्रा, पण साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. दिसायला सागवान, पण मशीन एका जागी थोडा वेळ थांबलं की खालचं प्लाय डोकावायला लागतं आणि ते परत झाकता येत नाही.

ओळखायचं कसं? फळीची कड बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरत असतील तर भरीव लाकूड. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल किंवा थरावर थर दिसत असतील तर प्लाय. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून मागची बाजू बघितली तर उत्तर लगेच मिळतं, कारण तिथे सजावट करायला कोणी जात नाही.

सनमायका असेल तर सँडरने त्याचं "लाकूड" बाहेर येणार नाही, कारण आत लाकूड नाहीच. तो फार तर हलका खरखरीत करून त्यावर रंग मारता येतो आणि तेवढ्यासाठी हाताने पेपर मारला तरी चालतो.

आणि एकच खुर्ची किंवा देव्हारा करायचा असेल तर मशीन घेऊच नका. गोल पाय, नक्षी, कंगोरे यांवर सपाट पॅडचा काही उपयोग होत नाही. तिथे हातानेच घासावं लागतं.

बाजारात काय काय मिळतं

बेल्ट सँडरमध्ये खरखरीत पट्टा रणगाड्यासारखा फिरतो. दरवाजा, जाड फळी, वर्कशॉपमधलं टेबल यासाठी तो बरा. नवशिक्याच्या हातात तो दिला की दोन मिनिटांत फळीत खड्डा पडतो. घरच्या कामासाठी पहिलं मशीन म्हणून हा नको.

कोपऱ्यांसाठी इस्त्रीच्या टोकासारखा त्रिकोणी डिटेल सँडर मिळतो. खिडकीच्या चौकटी वगैरे असतील तर उपयोगी, नाहीतर कपाटात पडून राहतो.

शीट सँडर किंवा ऑर्बिटल सँडर चौकोनी पॅडचा असतो. साधा पॉलिश पेपर कापून क्लिपमध्ये अडकवायचा, त्यामुळे पेपरचा खर्च कमी. कोपऱ्यापर्यंत पोचतो. पण हळू आहे.

मग येतो रँडम ऑर्बिट सँडर, गोल पॅडचा. माझ्या मते फर्निचर करणाऱ्या बहुतेकांनी हाच घ्यावा, 5 इंची म्हणजे 125 मिलिमीटरचा. का, ते पुढे सांगतो.

आणि एक "पर्याय" जो सगळीकडे दिसतो: घरात असलेल्या अँगल ग्राइंडरला घासायची चकती लावणे. साइटवर हे सर्रास चालतं. गणित करून बघा. 4 इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे मारतो. 100 मिलिमीटरच्या चकतीची कड त्या वेगाला सेकंदाला सुमारे 57 मीटर धावते, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्या वर. रँडम ऑर्बिट सँडरवरचा पेपरचा कण 2.5 मिलिमीटरच्या छोट्या वर्तुळात मिनिटाला 12,000 वेळा फिरतो, म्हणजे सेकंदाला दीड मीटरच्या आसपास. आपण चालतो त्या वेगाने. त्यामुळे ग्राइंडरने लाकूड काळं पडतं, अर्धचंद्रासारखे घाव बसतात आणि सँडरने तसं होत नाही.

रँडम ऑर्बिटमध्ये रँडम काय आहे?

फोन व्हायब्रेट कसा होतो आठवा. बऱ्याच फोनमध्ये एक चिमुकली मोटर असते आणि तिच्या दांड्यावर वजन मुद्दाम एका बाजूला बसवलेलं असतं. सँडरमध्येही मोटरचा दांडा आणि पॅडचा मध्य एका रेषेत नसतात. समजा अंतर सव्वा मिलिमीटर ठेवलं, तर पूर्ण पॅड अडीच मिलिमीटरच्या वर्तुळात हलतं. थरथर कमी करायला आत उलट बाजूचं वजन असतं.

शीट सँडर इथेच थांबतो. त्याचं पॅड हलतं पण स्वतःभोवती फिरत नाही. त्यामुळे प्रत्येक कण तेच ते छोटं वर्तुळ गिरवत राहतो. पॉलिश चढवल्यावर, विशेषतः खिडकीतून तिरपा उजेड आला की ती वर्तुळं दिसतात.

रँडम ऑर्बिटमध्ये पॅड बेअरिंगवर मोकळं असतं, त्यामुळे हलता हलता ते स्वतःभोवतीही फिरतं. किती फिरायचं हे लाकडाच्या घर्षणावर ठरतं, म्हणून ओरखडे एकावर एक पडत नाहीत, विखुरतात. पण वरून जोर दिला की हे मोकळं फिरणं बंद होतं आणि तुमच्या हातात महागडा शीट सँडर उरतो! मशीनचं स्वतःचं वजन पुरेसं असतं. हात फक्त दिशा द्यायला ठेवायचा आणि सेकंदाला साधारण एक इंच इतकं सावकाश सरकायचं. कंटाळवाणं वाटतं, पण भराभर फिरवलं की शेपटीसारखे गोल ओरखडे राहतात.

मशीन आधी लाकडावर टेकवा, मग चालू करा. हवेत चालू करून खाली आणलं तर जोरात फिरणारं पॅड टेकताक्षणी खाच पाडू शकतं.

स्पेसिफिकेशन कसं वाचायचं

उदाहरण म्हणून बॉशचं जीईएक्स 125-1 एई घेऊ, आपल्याकडे सहज मिळणारं मॉडेल. 250 वॅट, पॅड 125 मिलिमीटर, ऑर्बिट 2.5 मिलिमीटर, वजन 1.3 किलो. वेग मिनिटाला 7,500 ते 12,000. त्याच मशीनच्या माहितीत 15,000 ते 24,000 असाही आकडा दिसतो. हे काय प्रकरण? पहिला आकडा फेऱ्यांचा आहे, दुसरा हेलकाव्यांचा. एका फेरीत पॅड एकदा इकडे आणि एकदा तिकडे जातं, म्हणून दुप्पट. एका कंपनीच्या 12,000 ची दुसऱ्या कंपनीच्या 24,000 शी तुलना करून "हा डबल फास्ट आहे" असं ठरवू नका. दोन्ही एकच असू शकतात.

250 ते 300 वॅट या आकाराच्या मशीनला पुरतात. त्यापेक्षा वेग कमी-जास्त करायची चकती आहे का ते बघा. मी याशिवाय मशीन घेणारच नाही. जुनं फ्रेंच पॉलिश चपडीचं असतं आणि चपडी उष्णतेने मऊ पडते. पूर्ण वेगाने घासलं की ती वितळून पेपरवर गोळे धरते, पेपर पाच मिनिटांत बाद. वेग कमी केला की तीच पावडर होऊन निघते.

ऑर्बिट मोठा म्हणजे काम जलद पण ओरखडा मोठा. 2.5 ते 3 मिलिमीटर फर्निचरला योग्य.

पेपर वेल्क्रोसारखा चिकटणारा हवा. त्याची भोकं पॅडच्या भोकांशी जुळली पाहिजेत, कारण धूळ तिथूनच ओढली जाते. 5 इंचीमध्ये 8 भोकांचा पेपर सगळीकडे मिळतो. विचित्र भोकांचं मशीन स्वस्तात मिळालं तरी पुढे पेपर शोधत फिरावं लागतं.

वायरवालं की बॅटरीवालं?

18 व्होल्ट 4 अँपिअर-आवरची बॅटरी म्हणजे 72 वॅट-आवर. तुमच्या फोनची 5,000 एमएएच बॅटरी साधारण 19 वॅट-आवरची. म्हणजे जवळजवळ चार फोन. ऐकायला भारी वाटतं, पण 250 वॅटचं मशीन पूर्ण ताकदीने चालवलं तर हे 17 मिनिटांत संपतं. बॅटरीवाली मशीन वीज जपून वापरतात, तरी सँडिंग हे ड्रिलसारखं दहा सेकंदांचं काम नाही, ते तासभर चालतं. घरात प्लग असेल तर वायरवालंच घ्या.

अमेरिकेतला मामा "येताना घेऊन येतो" म्हणाला तर थांबवा. फोनचा चार्जर 100 ते 240 व्होल्ट खातो, पण तिकडचं वायरवालं मशीन 120 व्होल्टचं असतं. आपल्या 230 वर लावलं की जळतं.

धूळ, आणि जुना ऑइल पेंट

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाकडाची धूळ "नैसर्गिक" असल्यामुळे निरुपद्रवी असते असा समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. म्हणजे मानवात पुरेसा पुरावा असलेला गट. हे प्रामुख्याने रोज त्या धुळीत काम करणाऱ्या कामगारांवरून कळलं. पण फ्लॅटच्या बंद बाल्कनीत दोन दिवस घासणाऱ्यानेही मास्क लावायलाच हवा. रुमाल नाही, एन95.

मशीनसोबत येणारी पिशवी जाड भुसा पकडते, बारीक धूळ बरीचशी हवेतच राहते. व्हॅक्यूम क्लीनर जोडला तर फरक लगेच दिसतो. पाइपचं तोंड जुळत नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि क्लॅम्प कामाला येतो. काम झालं की पिशवी घराबाहेर रिकामी करा. पॉलिशमिश्रित बारीक पावडर पिशवीत साठून राहिली तर ती आपोआप पेटू शकते, हा इशारा मशीनच्या पुस्तिकेतही असतो.

पण कपाटावर जुना ऑइल पेंट असेल तर मास्क आणि व्हॅक्यूम असूनही सँडर लावू नका. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम 2016 साली आला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसं असू शकतं, आणि थर जितके जुने तितकी शंका जास्त. सँडर त्या रंगाची अशी पावडर करतो की ती फरशीवर, गादीवर, खेळण्यांवर बसते. रांगणारं मूल ती हाताने तोंडात नेतं. शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम भरून येत नाही.

मग करायचं काय? रंग काढायचं केमिकल वापरा, उघड्या हवेत, हातमोजे घालून. किंवा पाणी मारून ओलं ठेवत हाताने वॉटर पेपर घासा आणि चिखल पुसून पिशवीत बांधून टाका. हीट गनने जास्त तापवू नका, शिशाची वाफ होते. गरोदर बाई किंवा लहान मुलं घरात असतील तर हे काम घरात नकोच. माझ्या मावशीकडच्या हिरव्या रंगाच्या कपाटाला मी याच कारणासाठी सँडर लावला नाही. वरून नवा रंग मारून ते तसंच वापरात आहे, आणि छान दिसतं.

पेपरचं बजेट

मशीनवर सगळे पैसे घालवू नका, साधारण पाव हिस्सा पेपरसाठी ठेवा. पी80 ने सुरुवात, मग 120, मग 180. पॉलिशखाली 180 किंवा 220 ला थांबायचं. त्याहून बारीक घासलं तर लाकूड गुळगुळीत होऊन स्टेन नीट पीत नाही. व्हिनियर असेल तर थेट 180 पासून, तेही मोजक्या हाताने. मधला नंबर गाळू नका. 80 चे ओरखडे 220 ने निघत नाहीत, फक्त चकाकतात.

एका नंबरचं काम संपलं हे कळायला पृष्ठभागावर पेन्सिलने हलक्या रेघा मारा. रेघा सगळीकडून गेल्या की पुढचा नंबर. शेवटच्या नंबरने एकदा हाताने लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासा. पेपर बोथट झाला की जोर द्यायचा मोह होतो, तेव्हा तो बदला.

दुकानात किंवा ॲपवर घेताना

किंमत रोज बदलते म्हणून इथे आकडा देत नाही. बॉश, मकिता, डीवॉल्ट या तिघांच्या 5 इंची मशीनमध्ये घरगुती कामासाठी फार फरक नाही. तुमच्या शहरात ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळ, ते घ्या. विचारायचे दोनच प्रश्न: वेल्क्रोचं पॅड सुटं मिळतं का, आणि कार्बन ब्रश मिळतात का. पॅडचं वेल्क्रो उष्णतेने गुळगुळीत होतं आणि मोटर ठणठणीत असतानाही पेपर उडून जायला लागतो. नवीन पॅड स्क्रूंनी बसतं. नाव न ऐकलेल्या ब्रँडचं ते पॅड मिळालं नाही तर पूर्ण मशीनच भंगारात. बिल घ्या, जमलं तर दुकानात मशीन दोन मिनिटं चालवून हातात धरून बघा. मुंग्या येत असतील तर दुसरं मागा.