घरोघरी एकेक पृथ्वी

रे रोडवरच्या एखाद्या घरातला संगणक जगाच्या हवामानाचं गणित करत असेल, तर त्याच्या पडद्यावर फिरणाऱ्या पृथ्वीवर रे रोड नसतो. मुंबईही नसते. ऑक्सफर्डहून घरोघरी गेलेल्या त्या पहिल्या प्रारूपात पृथ्वी चौकटींनी विणलेली होती, आणि मुंबईच्या अक्षांशावर एक चौकट पूर्व-पश्चिम जवळपास ३९५ किलोमीटर. महाबळेश्वर आणि दुष्काळी माण तालुका एकाच चौकटीत. दोघांना पाऊस सारखाच! वर्ष ३६० दिवसांचं, फेब्रुवारीही तीस दिवसांचा. हिशेब सोपा राहावा म्हणून.

चौकटींच्या या कल्पनेचा खापरपणजोबा म्हणजे लुईस फ्राय रिचर्डसन. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवता चालवता त्याने सहा तासांच्या हवेचं गणित हाताने मांडलं. त्यात आठवडेच्या आठवडे गेले, आणि उत्तर साफ चुकलं. तरी गडी खचला नाही. १९२२च्या पुस्तकात त्याने ६४ हजार गणकांचं एक सभागृह कल्पिलं : प्रत्येकाने पृथ्वीच्या आपल्या तुकड्याचं गणित करायचं. आपल्याकडे त्याच सुमाराला हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर पावसाळ्याचे धागेदोरे शोधण्यासाठी कारकुनांकडून आकडेमोड करून घेत होते. तेव्हा संगणक म्हणजे माणूसच.

लोकांच्या रिकाम्या संगणकांच्या फुकट यंत्रवेळेचा शोध मात्र हवामानवाल्यांचा नव्हे. १९९६पासून हौशी मंडळी घरच्या संगणकांवर प्रचंड मूळ संख्या हुडकत होती. मे १९९९मध्ये बर्कलीच्या ‘सेटी ॲट होम’ने परग्रहावरच्या हाका ऐकायला लाखोंना बसवलं. ते पाहून ऑक्सफर्डच्या माइल्स ॲलनने त्याच ऑक्टोबरात ‘नेचर’मध्ये लिहिलं : हवामानाचं भाकीतही घरच्या घरी करा की! ब्रिटिश हवामान कार्यालयाचं महासंगणकासाठी लिहिलेलं प्रारूप घरगुती विंडोजवर उतरवून सप्टेंबर २००३मध्ये ‘क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट’ सुरू झालं.

इथे गणिताचे तुकडे पाडलेले नव्हते. प्रत्येक घराला अख्खी पृथ्वी मिळे, मात्र जराशी वेगळी. ढगातल्या थेंबांचा पाऊस किती वेगाने होतो, बर्फाचे कण किती वेगाने खाली येतात, हे आकडे नक्की कुणालाच ठाऊक नाहीत. मग कुणाच्या पृथ्वीवर पाऊस लवकर, कुणाच्या उशिरा. एका पृथ्वीची ४५ वर्षं, अर्ध्या अर्ध्या तासाच्या पावणेआठ लाखांहून जास्त पायऱ्यांनी चढायची. शेवटच्या पंधरा वर्षांत कार्बन डायऑक्साइड दुप्पट. साध्या यंत्राला अनेक आठवडे लागत. जानेवारी २००५मध्ये २,५७८ पृथ्व्यांचा हिशेब छापून आला : तापमानवाढ दोन अंशांच्या खालपासून अकराच्या वर. बहुतेक पृथ्व्या ३.४च्या आसपास होत्या. वर्तमानपत्रांनी उचलला तो अर्थातच अकरा.

२००६मध्ये बीबीसीने याच कामासाठी हाक दिली आणि दोन लाखांवर लोक आले. प्रारूप १९२०पासून निघून २०८०ला पोचायचं होतं. एप्रिलमध्ये पृथ्व्या भलत्याच तापू लागल्या. कारखान्यांच्या धुरातल्या सल्फेटचे कण ऊन अडवतात, आणि ते वर्षागणिक वाढायला हवे होते; आकड्यांच्या एका फायलीतल्या चुकीने ते वाढतच नव्हते. लोकांना पुन्हा १९२०पासून सुरुवात करायला सांगावं लागलं. वाया गेलेले महिने अगदीच वाया गेले नाहीत म्हणा; धुराचं हे आवरण नसतं तर पृथ्वी किती तापली असती, ते आयतंच कळलं.

संगणकाच्या वेळेच्या या दानात डोकं लागत नाही. लागते वीज, आणि मुंबई शहरात तिचं बिल बेस्ट पाठवते. विज्ञानाचा खर्च असा घराघरांत वाटला गेला, की कुणालाच तो एकरकमी दिसत नाही. महासंगणकाच्या बिलाची निदान अर्थसंकल्पात चर्चा होते.

२०१०पासून याच प्रकल्पातल्या ‘वेदर ॲट होम’ने त्या मोठ्या पृथ्वीत एकेका प्रदेशाची बारीक जाळी बसवली. दक्षिण आशियासाठी चौकट ५० किलोमीटरची झाली, आणि ऑगस्ट २०१७च्या बांगलादेशातल्या पुरामागच्या पावसात तापमानवाढीचा वाटा किती, हे तपासताना हेच घरगुती संगणक कामाला लागले. तरी पन्नास किलोमीटर म्हणजे फार झालं : २६ जुलै २००५ला एकट्या मुंबईतच सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि कुलाब्याला ७३.