संबंध आणि फलन : शहाजीराजांच्या बंगळूर दरबारातील एका ग्रंथाच्या निमित्ताने

‘ही कृती कोणत्या भाषेची?’ हा साहित्येतिहासाचा पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर एकच असणार, असे सहसा गृहीत धरले जाते. हे गृहीतक गणिताच्या परिभाषेत मांडले असता त्याची मर्यादा स्पष्ट होते.

दोन संचांतील घटकांच्या क्रमित जोड्यांचा कोणताही संच म्हणजे संबंध. जोडीतील पहिला घटक ज्या संचातून घ्यायचा तो प्रांत, दुसरा ज्यातून घ्यायचा तो सहप्रांत, आणि सहप्रांतातील जे घटक प्रत्यक्ष जोडले जातात त्यांची मिळून व्याप्ती होते. प्रांतातील प्रत्येक घटकाला एक आणि एकच जोडीदार असेल, तरच त्या संबंधास फलन म्हणतात. अनेकांचा जोडीदार एक असणे चालते. एकाला दोन जोडीदार असणे चालत नाही. डिरिक्ले याने १८३७ मध्ये फलनाची कल्पना सूत्राच्या बंधनातून सोडवून अशा जुळणीवर आधारली. पुढे विसाव्या शतकात तिला संचांच्या भाषेतील रूप मिळाले.

विजापूरच्या रणदुल्लाखानाने १६३८ मध्ये केंपेगौडा घराण्याकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. वि. का. राजवाडे यांनी तो शके १८४४ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. ग्रंथाचा मुख्य भाग संस्कृत आहे. अखेरीस मात्र मराठी, कानडी आदी अनेक देशभाषांतील रचना येतात. पन्हाळा १६७३ मध्ये स्वराज्यात आला, त्या प्रसंगावरील ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हेही जयरामाचेच.

हे दोन ग्रंथ प्रांत मानून प्रत्येकाशी त्याचा कर्ता जोडला, तर फलन मिळते. त्याची व्याप्ती जयराम या एकाच घटकाची. जोड्या उलटवल्या, की जयरामाला दोन ग्रंथ जोडले जातात आणि फलन उरत नाही. ग्रंथाशी भाषा जोडू गेल्यास चंपूला अनेक भाषा मिळतात. म्हणजे तो केवळ संबंध ठरतो. त्याला बळाने फलन करावयाचे, तर एक भाषा ठेवून बाकीच्या गाळाव्या लागतात. मग संस्कृतच्या इतिहासात देशभाषांतील रचना परिशिष्टवजा होतात, आणि मराठीच्या वा कानडीच्या इतिहासात उर्वरित ग्रंथ परका होतो.

यातून दोन मार्ग संभवतात. प्रांत बदलून ग्रंथाऐवजी सुटे पद्य घेतल्यास बहुतेक पद्यांना एकेक भाषा मिळेल. परंतु एकाच दरबारात या भाषा शेजारी बसल्या, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती त्यात हरवते. दुसरा मार्ग सहप्रांत बदलण्याचा. त्यात भाषांऐवजी भाषांचे उपसंच घेतले, तर प्रत्येक ग्रंथाला त्यातील सर्व भाषांचा एकच संच जोडला जातो आणि काही न गाळता फलन सिद्ध होते.

तात्पर्य, दोष या बहुभाषिक ग्रंथाचा नसून निवडलेल्या सहप्रांताचा आहे. बंगळूरसारख्या नगराचा वाङ्मयेतिहास लिहिताना ‘कोणती भाषा?’ याऐवजी ‘कोणत्या भाषा, एकत्र?’ असे विचारणे म्हणूनच अधिक शास्त्रशुद्ध ठरते.